अक्षर रेषेवर पडता कामा नये

नलवडे सरांचा नियम एकच, आणि तो मोडणाऱ्याला त्यांनी कधी माफ केलं नाही. आकृतीतलं अक्षर रेषेवर पडता कामा नये. त्रिकोण वाकडा काढा, चालेल. वर्तुळ बटाट्यासारखं काढा, सर हसतील आणि पुढच्या बाकाकडे जातील. पण कोपऱ्याचं नाव रेषेला चिकटलेलं दिसलं, की खडूचा तुकडा नेमका त्या पोराच्या कपाळावर! "अरे, अक्षर झाकलं तर बिंदू कुठला हे सांगायला परमेश्वर येणार का खाली? अक्षर हलव. अक्षर हलत नसेल तर रेघ हलव. पण दोघांना मोकळं ठेव."

चौतीस वर्षं सरांनी शिळवणच्या शाळेत भूमिती शिकवली. शिळवण म्हणजे पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायाशी बासष्ट घरांचं गाव. त्यांची एकुलती एक मुलगी वैजयंती त्याच वर्गात बसायची, घरातल्या अण्णांना वर्गात सर म्हणायची, आणि खडूचे तुकडे तिनेही इतरांइतकेच खाल्ले होते. किंबहुना दोन जास्तच.

पुढे ती कराडला पुस्तकं जुळवायच्या धंद्यात पडली आणि त्यात भूमितीच्या पुस्तकांत नाव काढलं. ती आकृती हाताने काढत नसे, लिहीत असे. अक्षरजुळणीची एक प्रणाली असते, तिच्यात मजकुरासारखीच आकृतीही लिहून काढतात. पहिला कोपरा डावीकडून इतका, खालून इतका. मग दोन छोट्या आडव्या रेघा. मग दुसरा कोपरा. पुन्हा दोन रेघा, तिसरा कोपरा. असे हवे तितके कोपरे मांडायचे आणि शेवटी लिहायचं ‘बंद’. तेवढ्यावर यंत्र शेवटच्या कोपऱ्यापासून पहिल्यापर्यंत रेघ ओढतं आणि बहुभुज पुरा करतं. पट्टी नको, कंपास नको, हात थरथरायची भीती नको.

तिथेच तिने अण्णांचा नियम कोडमध्ये उतरवला. ‘मोकळीक’ नावाचा चाळीस ओळींचा तुकडा. आकृती पुरी झाली की तो एकेक अक्षर तपासायचा. अक्षर रेषेवर पडलंय? मग अक्षर जरा सरकव. अक्षर जागेला बांधलेलं असेल, तर रेषेचा कोपरा दीडेक मिलिमीटर आत सरकव. आतच, कारण बाहेर सरकवला तर आकृती चौकटीबाहेर जाईल. पुस्तकातल्या पंचकोनाचा कोपरा दीड मिलिमीटर आत गेला म्हणून प्रमेयाचं काय बिघडतं? प्रमेय सगळ्याच पंचकोनांना लागू असतं. पंधरा वर्षांत लाखो पोरांनी त्या आकृत्या पाहिल्या आणि एकाही पोराचं नुकसान झालं नाही.

नुकसान व्हायला डोंगर मध्ये यावा लागला.

झालं असं, की दरडी कोसळून माणसं गाडली जाण्याला कंटाळून सरकारने उतार मंडळ स्थापन केलं. मंडळाने डोंगरउतारांत काचेचे केसाएवढे तंतू पुरले. तंतूच्या एका टोकाकडून लेझरचा ठोका सोडायचा. काचेतल्या बारीक बारीक दोषांवर आपटून त्याचा अंश परत येतो. माती जिथे जराशी ताणली गेली, तिथून परत येणारा प्रकाश बदलतो. खोऱ्यातल्या एका खोलीत बसून नऊ किलोमीटर डोंगर वीतवीत ऐकता येऊ लागला. दोन पावसाळे ऐकून मंडळाचं गणित सांगू लागलं, की हा उतार सुटला तर चिखल कुठवर येईल. त्या हद्दीला कोपरे देऊन प्रत्येक गावाचा एक बहुभुज तयार झाला. बहुभुजाच्या आतल्या घरांना खाली पठारावर नवं घर आणि जाईपर्यंत भिंतीवर धोक्याची घंटा. बाहेरच्यांना काही नाही, कारण बाहेर धोका नाही.

मग सुरू झाल्या मारामाऱ्या. सकाळी स्क्रीनवर रेघ इथे, संध्याकाळी तिथे! ज्याचा हात वरपर्यंत पोचला त्याचं घर आत, बाकीचे बोंबलत. प्रकरण न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने गाठ मारून टाकली. कॉम्प्युटरात काय आहे ते आम्हाला सांगू नका, छापील पत्रक तेच प्रमाण. सगळी पत्रकं एकाच कोडमधून निघतील, कोडला मोहोर लागेल, तीन वर्षं कुणी हात लावायचा नाही. घंटा, घरं, याद्या, सगळी यंत्रं कोपरे वाचतील ते त्या पत्रकावरूनच. मुदतीआधी नवं पत्रक निघेल ते फक्त दुर्घटना घडली तर.

म्हणजे आजवर सगळ्यांत शेवटचं, सगळ्यांत बिनमहत्त्वाचं जे काम, पान जुळवायचं, तोच आता कायदा झाला. आणि स्वच्छ बहुभुज काढणारी म्हणून मंडळाने कुणाला बोलावलं? वैजयंतीला. तिने आपला जुना कोड दिला. त्यात ‘मोकळीक’ होती. कुणी विचारलं नाही, आणि तिच्याही ध्यानात आलं नाही. रोजच्या चपला पायात आहेत की नाहीत, हे कोण बघतं?

वैशाखात ती शिळवणला गेली तेव्हा गाव ओस पडलं होतं. सत्तावन्न घरं आत गेली होती, माणसं खाली पठारावर. शाळाही खाली गेली. वर उरली रेषेबाहेरची एका ओळीतली पाच घरं. त्यातलं एक अण्णांचं, घर क्रमांक एक्केचाळीस. अण्णा ओट्यावर फणस फोडत बसले होते, हाताला तेल लावून.

"ये, वैजू. कापा आहे, बरका नाही. हात धू आणि आत बघ काय लावलंय ते."

आत भिंतीवर, आईच्या फोटोशेजारी, शिळवणचं पत्रक चौकटीत घालून टांगलं होतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात जुळणीकाराचं नाव: वैजयंती नलवडे.

"अण्णा, अहो हे काय! सरकारी कागद कुणी फ्रेम करतं का?"

"सरकारी असेल तुमच्या सरकारला. मला माझ्या पोरीचा आहे." अण्णा पंच्याला हात पुसत आत आले आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. "परवा मी भिंग घेऊन पाहिलं. बासष्ट घरांचे बासष्ट आकडे, तेवीस कोपऱ्यांचे तेवीस. एकही रेषेवर नाही! आपलं एक्केचाळीस बघ कसं ऐटीत बसलंय. चौतीस वर्षं घसा फोडला, पण एका पोराने तरी ऐकलं म्हणायचं. शाबास."

आयुष्यात अण्णांनी तिला शाबास म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. ती हसली. एक्केचाळीसकडे पाहिलं. आकड्याच्या मागे, अगदी बेताचं अंतर ठेवून, रेघ गेली होती. बेचाळीसच्या मागेही तेवढंच अंतर. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, पाचही घरांच्या मागे तेवढंच. इतकं सारखं.

डोंगराचा चिखल घरांचे आकडे बघून अंतर ठेवतो का?

फणस तिने खाल्लाच नाही. काहीतरी काम निघालं म्हणून दुपारच्या गाडीने ती कराडला परत आली.

मोहोर लागलेला कोड बदलता येत नसला, तरी त्याची प्रत तिच्याकडे होती. तिने प्रतीतून ‘मोकळीक’ काढून टाकली आणि शिळवणचं पत्रक पुन्हा चालवलं. रेघ उतरली. एक्केचाळीसच्या आकड्यावरून आरपार, अण्णांच्या स्वयंपाकघरातून. मग बाकीच्या चारही घरांतून. घराचा आकडा घरावरच असला पाहिजे हा मंडळाचा नियम, म्हणून आकडा हलला नव्हता. हलली होती रेघ. दीड मिलिमीटर. पत्रकावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर. साडेसात मीटर वर सरकून रेघ परसात जाऊन बसली होती आणि पाच घरांना तिने सुरक्षित ठरवलं होतं.

पत्रक काढताना यंत्र शेवटी एक ओळ छापतं. जुन्या नोंदीत ती ओळ होती: रेषेवर पडलेली अक्षरे, पाच. सरकवलेल्या रेषा, पाच. अकरा हजार पत्रकांच्या रेट्यात ती ओळ तिने वाचलीच नव्हती.

मग तिने सगळी पत्रकं तपासली. चार दिवस लागले. राज्यभरात दोनशे अकरा घरं. नेमकी तीच, ज्यांच्यावरून धोक्याची हद्द जात होती. एकूण एक घर तिच्या कोडने अदबीने बाहेर काढून ठेवलं होतं.

पुण्याला मंडळाच्या कचेरीत पत्रक विभागाचे प्रमुख होते रियाज तांबोळी. माणूस सज्जन. तिचं सगळं ऐकून घेतलं, दोन्ही पत्रकं एकावर एक ठेवून उजेडात धरली.

"मॅडम, हे तुम्ही लेखी देऊ नका," ते म्हणाले.

"लेखीच द्यायला आलेय मी. चूक माझी आहे. मला काय शिक्षा करायची ती करा."

"शिक्षेचं कोण बोलतंय? निकाल वाचलाय ना तुम्ही? कोड एक, म्हणून सगळी पत्रकं एक. कोडमध्ये दोष सिद्ध झाला, तर अकरा हजार चारशे पत्रकं त्या क्षणी रद्द. पत्रकं रद्द म्हणजे नव्या वसाहतींचा आधार रद्द. पावणेदोन लाख माणसं आज पठारावर झोपतायत, त्यांच्या घरांवर स्थगिती यायला एक वकील पुरे. आणि त्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेले वकील थोडे नाहीत. ती माणसं कुठे जातील? परत डोंगराखाली. पावसाळा महिन्या-दीड महिन्यावर आलाय."

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

"मग फक्त आकडा काढा," ती म्हणाली. "एक्केचाळीस हा आकडा पत्रकातून काढला, तर रेघ आपोआप जागेवर येईल. कोडला हात लावायला नको."

"घर उभं आहे तोवर आकडा काढता येत नाही."

"आणि घरच पाडलं तर?"

"तर आकडा निघेल आणि रेघ जागेवर येईल. पण मग आत घरच नसेल. जे घर नाही त्याच्या बदली घर कुणाला द्यायचं?" तांबोळींनी चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, माझी मावशी अशाच एका उतारावर राहायची. ती गेली म्हणून मी या खात्यात आलो. मला दगडाचा समजू नका. तक्रारीचा अर्ज भरा, मी वर पाठवतो."

तिने अर्ज भरला. तो तपासणाऱ्या यंत्रापुढे गेला. यंत्राने शिळवणचं छापील पत्रक प्रमाण पत्रकाशी ताडून पाहिलं. प्रमाण पत्रक म्हणजे तेच छापील पत्रक. नवव्या दिवशी उत्तर आलं: फरक आढळला नाही.

सरकारी काम अन् सहा महिने थांब असं पूर्वी म्हणत. आता नऊ दिवसांत नाही म्हणतात, एवढीच काय ती प्रगती!

तिने दोनशे अकरा घरांना स्वतःच्या सहीने पत्रं टाकली. एकोणीस उत्तरं आली. त्यातल्या अकरांचा मजकूर जवळजवळ सारखाच होता: आपले पत्र मिळाले, आम्ही रेषेबाहेर आहोत, तरी काळजी नसावी.

ज्येष्ठ सरता सरता ती पुन्हा शिळवणला गेली आणि अण्णांसमोर दोन्ही पत्रकं ठेवली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून पाटी मागितली. अजून पाटीच वापरायचे. कोपऱ्यांचे आकडे मांडले, रेघेचं समीकरण काढलं, एक्केचाळीसचं अंतर काढलं, आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "चूक आहे."

"अण्णा, माझ्याबरोबर चला. आजच. घराचं मिळेल न मिळेल, मला काही नको. कराडची खोली आहे, दोघांना पुरते."

"आणि हे चार उंबरे?"

"त्यांनाही सांगू."

सांगितलं. पाचही घरांतली माणसं ओट्यावर जमली. अण्णा धरून चौदा. त्यातले निम्मे सरांच्या हाताखाली शिकलेले. महादू जाधवाने पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं आणि तोंडाला पदर लावून बसलेल्या आपल्या आईकडे पाहून हसला.

"ताई, तुमी काळजीपोटी बोलताय, आमाला कळतंय की. पर सरांच्या लेकीनं काढल्याली रेघ चुकंल व्हय? सरांनी रेघंपायी आमची कपाळं फोडली!"

"महादूदादा, चुकलीय. मी सांगतेय ना."

"मग कागद का बदलत न्हाईत?"

तिने निकालाचं, पठारावरच्या घरांचं सांगितलं, पण ते सांगताना तिलाच ते खोटं वाटायला लागलं.

महादूची आई गुलाबबाई कमी ऐकायची, पण तिला जेवढं ऐकायचं तेवढं बरोबर ऐकायची. ती म्हणाली, "आन् गेलो तर ऱ्हायाचं कुठं? खाली घर त्येंना, ज्येंचं नाव आत. आमी मोकळ्या हातानं गेलो, तर हितलंबी जायाचं आन् तितलंबी न्हाई. आमी न्हाय जात बाई."

माणसं उठून गेली. अण्णा ओट्याच्या कडेला बसून राहिले.

"अण्णा, तुम्ही तरी..."

"वैजू, नियम कुणाचा?"

"काय?"

"अक्षर हलत नसेल तर रेघ हलव, हे कुणी शिकवलं तुला? मी. तू ऐकलंस. ही चार घरं माझ्या नियमाने बाहेर काढलीत. आता ती इथे राहणार आणि मी तुझ्या गॅलरीत बसून चहा पिणार? जमायचं नाही मला ते."

ती रडली. भांडली. आईची शपथ घातली. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असं ते कधी करत नसत, त्यामुळे तिला आणखीच रडू आलं. बापाला घरातून उठवता येत नाही आणि आपलीच रेघ पुसता येत नाही. मग आपल्या हातात उरतं काय?

उरलं ते एवढंच: तंतूंवरचा ताण मंडळाच्या पानावर कुणालाही दिसत होता. तिने कराडला तो आकडा बघत राहायचं आणि चढला की फोन करायचा. शाळा खाली गेली तेव्हा घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा वरच राहिला होता. अण्णांनी तो अंगणातल्या फणसाला टांगला. टोले पडले की सगळ्यांनी खाली ओढ्यापलीकडच्या खडकावर जमायचं. मंडळाची घंटा नाही, तर आपली.

आषाढात तीन वेळा आकडा चढला. तिन्ही वेळा तिने फोन केला, तिन्ही वेळा अण्णांनी टोले दिले, तिन्ही वेळा माणसं पोराबाळांना काखोटीला मारून भर पावसात खडकावर जाऊन बसली. आणि तिन्ही वेळा डोंगर नुसता कुशीवर वळून परत झोपला. तिसऱ्या वेळी महादूच्या आईला थंडी भरली. त्यानंतर टोल्यांना पहिली धार राहिली नाही.

श्रावणातल्या एका दुपारी, तीनच्या सुमारास, आकडा चढायला लागला. उन्हं पडली होती, मधूनच एखादी सर. अशा वेळी कुणाला खरं वाटणार? पण पाणी आठवडाभर मुरलं होतं. बत्तीस. एक्केचाळीस. साठ. मागच्या तिन्ही वेळी आकडा पंचेचाळिसाच्या वर गेला नव्हता. पानावर खाली एक ओळ लुकलुकत होती: क्षेत्रातील माणसे शून्य, सूचना पाठवण्याची गरज नाही.

"अण्णा, टोले द्या! आणि तुम्ही लगेच निघा. ऐकताय ना?"

"ऐकतोय. फोन चालू ठेव."

फोन त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला असावा. तिला रुळावरचे टोले ऐकू आले. मग त्यांचा वर्गातला आवाज. तो अजून तसाच होता, मागच्या बाकावर पोचणारा.

"महादू, बाहेर! चहा राहू दे! कौसल्ये, पोरगं उचल!"

"सर, ऊन पडलंया की..."

"ऊन पडलंय ते मला दिसतंय गाढवा. चल!"

सत्तर. ब्याऐंशी. ती नुसती ‘अण्णा, निघा, निघा’ म्हणत होती आणि खिशातल्या फोनचं ऐकतो कोण. टोले थांबले की कुणीतरी घुटमळायचं आणि पुन्हा टोले पडायचे. मग ते पुरते थांबले आणि अण्णांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. अंगणातून, खाली वाटेला लागलेल्यांची. एकेक नाव. लांबून एकेक हजर. काही हसत दिलेले, काही त्रासून.

"गुलाबबाई!"

उत्तर नाही.

"गुलाबबाई!"

चपलांचा चटचट आवाज. दार ढकलल्याचा आवाज. "अगं बाई, उठ. माझा हात धर. काठी असू दे." मग बराच वेळ दोन माणसांचा श्वास. मग अण्णांची हाक, "महादू, वर ये, आईला घे!" आणि महादूचे धावते पाय.

"तेरा," अण्णा फोन कानाला लावून म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "तेरा झाले, वैजू. सगळे हजर. आता मी निघतो. फोन ठेव तू."

"नाही ठेवणार. चाला."

"चालतोच आहे गं."

मग एक आवाज आला. ट्रक रिकामा करताना खडी पडते तसा, पण तो थांबेचना. अण्णांनी काहीतरी म्हटलं, ते तिला कळलं नाही. ती ‘अण्णा, अण्णा’ म्हणत राहिली. फोन तिने ठेवला नाही. तो आपोआप बंद झाला.

चिखल पाचही घरांच्या अर्ध्यापर्यंत येऊन थांबला. खडकावरच्या तेरा माणसांच्या अंगाला माती लागली नाही. मंडळाच्या शास्त्रज्ञांनी मोजणी केली तेव्हा त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. गणिताने सांगितलेल्या हद्दीत वीतभराचाही फरक नव्हता. अण्णा सापडले ते एक्केचाळीसच्या उंबऱ्याबाहेर, ढासळलेल्या पुढच्या भिंतीखाली, फणसाच्या दोन पावलं पुढे. अहवालात त्यांची नोंद झाली नाही, कारण अहवालाच्या तक्त्यात क्षेत्राबाहेरच्या मृत्यूला रकाना नव्हता.

पण दुर्घटना घडली होती. मुदतीआधी नवं पत्रक काढायला आता कायद्याची हरकत नव्हती. वरातीमागून घोडं! तांबोळी स्वतः कराडला आले, तिच्यासमोर बसले आणि चहाला हात न लावता म्हणाले, "दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"नको. माझं नाव आहे खाली."

"कोड तोच वापरावा लागेल, मॅडम. मोहोरेचा."

"माहीत आहे."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने शिळवणचं पत्रक उघडलं. घरांच्या यादीतून पाच ओळी आधीच निघाल्या होत्या. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. घरं उभी नव्हती, म्हणून आकडे काढता आले. तिने कशालाही हात लावला नाही. कोपऱ्यांची यादी तीच, दोन दोन आडव्या रेघा त्याच, शेवटचा ‘बंद’ तोच. चालवलं.

रेघ सरळ खाली उतरली. परसात थांबली नाही. अण्णांच्या स्वयंपाकघराची जागा होती तिथून, नेमकी तिथूनच, स्वच्छ निघून गेली.

यंत्राने शेवटची ओळ छापली. या वेळी तिने ती वाचली, मग बोट ठेवून पुन्हा वाचली.

रेषेवर पडलेली अक्षरे, शून्य. रेषा सरकवण्याची गरज नाही.